वहीत नसलेलं परडं

मागचं दार उघडलं, पण बाहेर पाऊल ठेवायला जागा नव्हती. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर घाणेरीची भिंतच उभी होती आणि तिच्यावरून कसलीशी वेल चढून थेट कौलांवर गेली होती. ही गोष्ट २०१४ सालच्या वैशाखातली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं आमचं हे घर १९९६ साली काका गेले तेव्हापासून बंद होतं. मी पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. वर्षातले काही महिने गावी राहावं, परड्यात चार भाज्या लावाव्यात, एवढाच साधा बेत होता. परडं म्हणजे घरामागची जागा. देशावर परस म्हणतात ती. सात-आठ गुंठे जमीन, एका अंगाला विहीर आणि भोवती चिऱ्यांचा गडगा. पण त्या दिवशी यातलं काहीच दिसत नव्हतं.

वाडीतले दोघेजण कोयते घेऊन आले. त्यांतल्या थोरल्याने सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "नुसता तोडलास तर परत फुटतला." त्याचं खरं होतं. घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोमाने येते. जमिनीत जिथून मुळं सुटतात त्या गाठीच्या खाली कुदळ घालून ती उपटावी लागते. रानमोडीचंही तेच, आणि तीही थंडीत फुलावर येण्याआधी काढावी. एकदा बी उडालं की पुढच्या वर्षीची बेगमी झालीच. म्हणजे मी आलो होतो चुकीच्या महिन्यात. तरीही कामाला सुरुवात केली.

इतिहासाच्या मास्तराची खोड अशी, की समोर जे येईल त्याला विचारायचं, बाबा रे, तू कुठला? घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. तिच्या रंगीत फुलांवर युरोपातले बागवाले भुलले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कंपनी सरकारच्या कलकत्त्यातल्या वनस्पतिउद्यानात शोभेचं झुडूप म्हणून दाखल झाली. तिथून ती साहेबांच्या बंगल्यांच्या कुंपणाला गेली आणि कुंपणावरून पाखरांच्या पोटातून देशभरच्या रानात. रानमोडी त्याच खंडातली. पायाखाली जांभळट फुलांचं जे गवत माजलं होतं त्याला आपल्याकडे ओसाडी म्हणतात, तीही अमेरिकेचीच. हे नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. माणूस उठून गेलेल्या जागेत उगवते ती ओसाडी.

रस्त्याच्या बाजूला गडग्यालगत थोडं गाजर गवतही होतं. त्याला काँग्रेस गवत म्हणतात आणि ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं असं आपण सगळेच ऐकत आलो आहोत. मीसुद्धा वर्गात कित्येक वर्षं हेच सांगत असे. पुढे तारखा ताडून पाहिल्या तेव्हा गडबड लक्षात आली. पी. एल. ४८० या नावाने जो गहू आला, त्याचा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यातल्या या गवताची शास्त्रीय नोंद छापली गेली तीही १९५६ सालीच, आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नजरेला ते त्याआधीच पडलं होतं. एवढंच नव्हे, तर कलकत्त्याच्या उद्यानाची जी यादी १८१४ साली छापली गेली, तिच्यातही या वनस्पतीचं नाव आहे. गव्हाच्या पोत्यांनी त्याचा फैलाव वाढवला असेल, पण गव्हाआधी ते इथे होतं. शेवटी लोकांना एक आरोपी लागतो, आणि गहूही तसा काही चांगल्या चवीचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी विहिरीकडे बारीक मिरचीचं एक झाड निघालं, त्याच्या मागे पपई आणि गडग्याला टेकलेला एक वेडावाकडा पेरू. थोरल्याने विचारलं, आपलं तेवढं ठेवू आणि बाहेरचं काढू ना? मी हो म्हणालो आणि मग हसू आलं. त्या न्यायाने यातलं एकही झाड राहिलं नसतं. मिरची, पपई, पेरू, सीताफळ, अननस, काजू, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा, मका, भुईमूग, श्रावण घेवडा, ही सगळी मंडळी अमेरिकेतून आलेली. बरीचशी पोर्तुगीजांच्या गलबतांतून. रताळ्याला आपण 'रक्तालु' अशा संस्कृत नावाने गौरवतो आणि उपासालाही खातो, पण तेही तिकडचंच. भेंडी आणि चवळी आफ्रिकेच्या. अस्सल इथली म्हणावीत अशी वांगं, काकडी, दोडका, पडवळ, तोंडली. अळूही फार जुनं.

मिरचीवरून आठवलं. संत सावता माळ्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणला देह ठेवला तो १२९५ साली. आपल्या मळ्यातल्या भाज्यांतच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग तुम्हा-आम्हा सर्वांना पाठ आहे. त्या भाज्यांत मिरचीही आहे. आणि वास्को-द-गामा कालिकतला उतरला १४९८ साली! मी दर वर्षी हे कोडं मुलांना घालत असे. हुशार मुलं म्हणायची, सर, तिथे मिरी असणार, मिरचीचं नावच मिरीवरून आलंय. एखादा म्हणायचा, अभंग मागाहूनचा असेल. मला स्वतःला वाटतं की अभंग तोंडातोंडी चालत आला आणि गाणाऱ्याने आपल्या मळ्यात जे होतं ते त्यात घातलं. ज्या भाजीशिवाय स्वयंपाक सुचत नाही ती देवाच्या यादीत नसावी, हे गाणाऱ्यांना पटलं नसेल.

या आलेल्या-गेलेल्या झाडाझुडपांची नोंद करणारा आपल्या किनाऱ्यावरचा मोठा माणूस म्हणजे गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला आणि इथेच राहिला. आपलं मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं; तिथे त्याची बाग होती, आणि तिथला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो असं त्याने लिहून ठेवलं आहे. भारतातल्या औषधी आणि वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. सगळा ग्रंथ संवादरूप आहे. त्यात दोन विद्वान बोलत बसलेले असतात, आणि मध्येच यजमान अंतोनिया नावाच्या दासीला हाक मारतो. ती येते, सांगितलेलं रोप किंवा फळ पुढ्यात ठेवते आणि निघून जाते. ओर्ताच्या नशिबीही सुख नव्हतं. तो मूळचा ज्यू घराण्यातला म्हणून, त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, धर्मसभेने त्याची हाडं उकरून जाळली. पण मला ग्रंथ वाचताना नेहमी त्या अंतोनियाबद्दल कुतूहल वाटायचं. ते रोप कुठे मिळेल, हे तिला कुणी सांगितलं?

आठवड्याभरात जमीन दिसू लागली, आणि जमिनीबरोबर दगडही. विहिरीच्या काठाला चिऱ्याची डोण होती. डोणीतून निघालेली दगडी पन्हळ मातीखाली गेली होती, ती आम्ही खराट्याने झाडत झाडत मोकळी केली. ती केळीच्या जागेपर्यंत जाऊन तिथे दोन फाटे फुटत होते. दुसरी एक पन्हळ न्हाणीच्या मोरीतून निघून एका खोलगट जागेत संपत होती. मला लहानपण आठवलं; तिथे अळू असायचं. आंघोळीचं पाणी अळूला, भांड्यांचं केळीला, तांदूळ धुतलेलं तुळशीला आणि मिरचीला. रहाटाने शेंदलेल्या पाण्याचा थेंब दोनदा कामाला लागल्याशिवाय जमिनीत जात नसे. चुलीची राख एका खळग्यात साठवायची. तेव्हा वाटायचं, ही जुन्या लोकांची चिकाटी. आता कळतं, आमची तांबडी जांभ्याची माती आंबट असते, आणि राखेने तो आंबटपणा उतरतो, शिवाय पालाशही मिळतं. सगळ्या परड्यात एक उतार होता, वीतभराचा असेल, पण पाणी जिथे जायला हवं तिथेच नेणारा. हे आखणारं कुणीतरी होतं.

ती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन १९२८ साली माहेरी परत आली, ती १९८१ साली जाईपर्यंत याच घरात होती. त्रेपन्न वर्षं. वडील मुंबईला, चाळीत. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. काका गावी, पण त्यांचं लक्ष माड, पोफळी आणि आंब्याकडे, म्हणजे विकल्या जाणाऱ्या मालाकडे. परडं आत्याचं. मृगाआधी ती मातीचे उंचवटे करायची, त्यात राख मिसळायची आणि तवसं, दोडकी, पडवळ, भोपळ्याचं बी टोचायची. बी राखायची पद्धतही तिची: तवशाचं बी राखेत घोळून भिंतीला चिकटवायचं, एक दोडका चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवायचा.

माझ्यातला मास्तर जागा झाला. एवढी बाग होती म्हणजे कुठेतरी कागद असणार. माळ्यावर पत्र्याची पेटी होती, तीत आजोबांच्या रोजकीर्दीच्या वह्या निघाल्या. १९३१ पासूनच्या, पुढे काकांच्या हातच्या. पावसाळाभर मी त्या वाचल्या. नारळ किती विकले, सुपाऱ्या किती, सारा किती भरला, मीठ, घासलेट, सुतळी, भटजींची दक्षिणा, बैलाच्या नालाचे पैसे. आजोबा पै-पैचे पक्के. पण परड्याबद्दल अक्षर नाही. तवसं नाही, पडवळ नाही, अळू नाही. जे विकलं नाही आणि विकत आणलं नाही, ते वहीच्या लेखी झालंच नाही.

मग मी वही उलट्या बाजूने वाचू लागलो, काय आहे यापेक्षा काय नाही हे पाहत. दहा-बारा तोंडांचं घर, आणि एवढ्या वर्षांत 'भाजी' या नावाने एक पैसा खर्च नाही! अगदी १९४२-४३ मध्येसुद्धा नाही. ती वर्षं कोकणाला फार जड गेली. आमची भातशेती कधीच वर्षभर पुरणारी नव्हती. घराघरात रंगूनचा तांदूळ यायचा. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो तांदूळ बंद झाला. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली, पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. आजोबांच्या वहीत तांदळाची नोंद या वर्षी आखूड होत जाते आणि भाव वाढत जातात. तेवढंच. पण वडील सांगायचे, त्या पावसाळ्यानंतर कितीतरी रात्री आम्ही भाताऐवजी उकडलेले करांदे आणि सुरण खाऊन काढल्या. ते करांदे परड्यातले होते. म्हणजे वहीत जी जागा कोरी आहे, तीत आमच्या घराचं पोट भरलेलं आहे. ओर्ताच्या अंतोनियाचं निदान नाव तरी छापलं गेलं.

याच पेटीत तळाला आणखी एक कागद होता. तो वाचायला नको होता असं वाटलं, पण वाचला. आजोबा १९५८ साली गेले, त्यानंतरच्या वारस नोंदीच्या फेरफाराची नक्कल. वारस म्हणून दोन नावं: काका आणि माझे वडील. हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला होता. त्या कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलीलाही वाटा होता, विधवा असो वा सधवा. तलाठ्याला ठाऊक असेल किंवा नसेल. आत्याला कुणी सांगितलं नाही, हे मात्र मी खात्रीने म्हणू शकतो, कारण सांगायचं कुणी, तर भावांनीच. जबाबाखाली माझ्या वडिलांची सही आहे. सुंदर, वळणदार अक्षर. ज्या जमिनीत मी घाणेरी उपटत होतो, तिच्या सातबारावर आज माझं नाव आहे ते त्या सहीमुळे.

वडील वाईट नव्हते. आत्याला दर दिवाळीला लुगडं पाठवायचे आणि तिची आठवण काढताना त्यांचे डोळे भरायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वह्यांत पुढे जाऊन मी १९८१ साल काढलं. आत्या माघात गेली. वैशाखापर्यंत वही नेहमीसारखीच आहे. राखलेल्या भाज्यांवर, भोपळ्यांवर, सुरणावर भागलं असावं. ज्येष्ठात काकांच्या हातची नोंद येते: 'बाजार, भाजी'. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर दर आठवड्याला.

आता माझ्या शेतीबद्दल सांगतो, फार लांबवत नाही. मी पुण्याहून बियांची पाकिटं आणली होती: पालक, गाजर, फ्लॉवर, टोमॅटो, कोथिंबीर. देशावरच्या पद्धतीने खोलगट वाफे केले, दोरी लावून सरळ ओळी आखल्या. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आठ दिवसांत वाफ्यांची तळी झाली आणि कोथिंबीर बेडकांना पोहायला मोकळी झाली. आत्या उंचवटे का करायची, हे साठीत कळलं. आणखी एक चूक त्याआधीच करून बसलो होतो. उपटलेल्या घाणेरीचा ढीग गडग्याच्या कोपऱ्यात घालून पेटवून दिला होता, दोन दिवस धुमसत होता. पुढे पाऊस पडल्यावर त्या कोपऱ्यात ओसाडीशिवाय काही उगवेना.

जिथे आग लागली नव्हती तिथे मात्र न लावलेलं बरंच काही आलं. आषाढात फणसाच्या बुंध्याशी करांद्याची वेल निघाली, बदामी पानांची, आणि बघता बघता शेंड्याला गेली. विहिरीच्या वाटेवर लाल माठ उगवला. अठरा वर्षं काळोखात राहिलेलं बी उजेड मिळताच उठलं असेल, असं मी धरून चाललो. यात अशक्य काही नाही. अमेरिकेत मिशिगनला बील नावाच्या प्राध्यापकाने १८७९ साली वाळूत बी मिसळून बाटल्या पुरल्या होत्या. त्यांतली एक २०२१ साली काढली, तर १४२ वर्षांपूर्वीचं बी रुजलं. त्यामानाने आमचा माठ म्हणजे कालचा.

श्रावणात शेजारच्या काकी आल्या. नव्वदीला टेकलेल्या, पण काठी फक्त कुत्र्यासाठी. त्यांनी परड्यात एक फेरी मारली. जळक्या कोपऱ्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "थंय तिचे सुरण होते रे." मी काही बोललो नाही. मग न्हाणीमागच्या खोलगट जागेत वाकून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. घर बंद झालं, आंघोळी थांबल्या, पाणी थांबलं, आणि अळू सुकून गेलं. करांद्यासारखं ते वाट बघत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी परत आल्या त्या ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून. उघडलं तर अळूचे सात गड्डे, काळसर देठाचे. "माका ह्या तुझ्या आतयेनच दिलेला," त्या म्हणाल्या. केव्हा, असं मी विचारलं. इतिहासवाल्याला साल हवं असतं. त्यांनी थोडा विचार केला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासरच्या परड्यात खाजरं अळू होतं, ते आत्याने उपटायला लावलं आणि हे लावून दिलं. म्हणजे साठेक वर्षं झाली. आत्याचं अळू आमच्या परड्यात मेलं आणि गडग्यापलीकडे जगलं. पेटी, वह्या, फेरफार चाळत मी पावसाळा घालवला, आणि तिच्या हातची एकमेव अस्सल वस्तू शेजारी होती.

घर दुरुस्त करताना मी न्हाणीचं पाणी पाइपाने शोषखड्ड्यात सोडलं होतं. प्लंबरला पुन्हा बोलावलं आणि पाइप काढून जुन्या पन्हळीला जोडायला सांगितला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. गड्डे लावून झाल्यावर काकांची शेवटची वही काढली. तिच्यात बरीच पानं कोरी होती. एका पानावर तारीख घातली आणि लिहिलं: अळू, सात गड्डे, शेजारून. पुढे मूळ कुणाचं ते लिहिताना नुसतं 'आत्या' न लिहिता तिचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

काकींना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? काय देऊ विचारलं, तर त्यांनी फणसावरच्या वेलीकडे काठी दाखवली आणि सांगितलं, दिवाळीनंतर करांदे काढशील तेव्हा चार लागवडीसाठी ठेव, आमच्याकडचे उंदरांनी संपवले.